गिळलेला 'स'

पोतोसीचा डोंगरी भाग, बोलिव्हिया
१२ मार्च २००६

ताई,

पोचले. जिवंत आहे. थंडी इतकी की माझं नाक माझंच आहे की कुणाचं उसनं आणलंय हे चाचपून बघावं लागतं. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. इथल्या बायका कोकाची पानं उकळून देतात, ती पिते आणि परत चढते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक डॉक्टर आणि मी. पहिल्याच आठवड्यात तीन बाळंतपणं केली. खरं सांगू? मला फार बरं वाटतंय. आपल्या बाराकोआत मी दहा वर्षं नर्स असून 'एनेइदाची धाकटी'च राहिले. इथे मी नर्सबाई.

फोनसाठी खालच्या गावात जायला चार तास लागतात, आणि तिथूनही क्युबाचा फोन लागेलच असं नाही. म्हणून पत्रं. आपल्या क्युबन वैद्यकीय पथकातलं कुणी ना कुणी परत जात असतं, त्यांच्या हाती देत जाईन. सोबत एक कॅसेट आहे. त्यात दियानेलिससाठी गोष्ट सांगितली आहे. शाळेतून आली की लावून देत जा. आणि त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिचा आवाज भरून पाठव.

एक गोष्ट हात जोडून सांगते. तिचा 'स' सांभाळ. आपल्याकडे शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकतात, तूही गिळतेस, तिला 'दियानेली' म्हणतेस. मी हवानाला नर्सिंग शिकायला गेले तेव्हा त्या एका 'स'पायी पोरी मला किती हसल्या ते तुला ठाऊक आहे. माझ्या पोरीला कुणी हसायचं नाही. दोन, तीन, सहा, दहा हे आकडे तिच्याकडून रोज म्हणवून घे: दोस, त्रेस, सेइस, दिएस. तिला तो 'स' इतका आवडतो की एकाला, 'उनो'लाही लावून 'उनोस' म्हणायची. 'उनो'ला 'स' नसतो हे शिकवता शिकवता माझी दमछाक झाली होती. तेवढं जपून.

तुझी,
इदाल्मिस

बाराकोआ
९ एप्रिल २००६

नर्सबाई,

इदाल्मी म्हटलं तर राग येईल, म्हणून नर्सबाई. कॅसेट पोचली. पोरीने सात वेळा ऐकली, मला आता ती गोष्ट तुझ्यापेक्षा चांगली सांगता येईल. त्यातली म्हातारी शिंकते तिथे दियानेली हसते ती खुर्चीतून खाली पडेपर्यंत. अगं हो, दियानेलिस. लिहिताना लिहिते ना 'स'? मग झालं तर.

तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस आणि इकडे मला कुकुरुचोची, त्या नारळाच्या मिठाईची, ऑर्डर. परवा एका दिवसात दोनशे केले. नारळ किसून किसून हाताची साल निघाली. तुझी लेक शेजारी बसून ताडाच्या पानांचे शंकू वळते आणि मोजते, ते काय मोजणं! दोस्स, त्रेस्स, सेइस्स, सापासारखी फुसफुसते. रस्त्यावरचे लोक थांबून विचारतात, "काय गं एनेइदा, घरात टायरची हवा गेली का?" मी म्हणते, "नाही, राणीसाहेब मोजणी करतायत."

सगळं भरलंय कॅसेटमध्ये. मध्येच कोंबडा ओरडतो, त्याला माफ कर. शाळेत ठीक. जेवते. तिच्या बापाचा मोआहून काही निरोप नाही, नवी बायको आणि निकेलची खाण, दोन्हीकडे जुंपलाय म्हणे. जाऊ दे.

आपल्या गल्लीतला डॉक्टरही गेला बघ व्हेनेझुएलाला. दवाखान्याला कुलूप. सगळ्या जगाला औषध द्यायला आपली माणसं, आणि आपल्याला शिंक आली तर देव आहे. चेष्टा करते, मनावर घेऊ नकोस. तू काम कर. मला तुझा अभिमान वाटतो, पण हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही.

एनेइदा

बोलिव्हिया
२० मे २००६

ताई,

कॅसेट ऐकली. डॉक्टरांना ऐकवली, बाळंतिणींना ऐकवली, एका मेंढपाळाला तर त्याच्या दातदुखीत ऐकवली. सगळे आता 'दोस्स, त्रेस्स' म्हणतात. तो आवाज उशाशी घेऊन झोपते.

नवी कॅसेट पाठवते आहे. हिच्यात मी एक एक आकडा म्हणून थांबले आहे, पुढचा तिने म्हणायचा. तू मध्ये बोलू नकोस.

इदाल्मिस

बाराकोआ
२ जुलै २००६

इदाल्मी,

पत्राला उशीर झाला. इकडे वीज सारखी जाते, नारळ महाग झाले, आणि दियानेलीला मधे जरा ताप आला होता. घाबरू नकोस. पोटाचं होतं. काय काय खाते, कच्चे आंबेसुद्धा. दोन-चार दिवसांत उतरला. आता बरी आहे, सुट्टी लागलीय, दिवसभर घरात असते.

थोडी वाळलीय. अशक्तपणा म्हणून चालताना लटपटते, उतारावर माझा हात सोडत नाही. पूर्वी नदीवर आधी पळायची, आता माझ्या झग्याला धरून. लाडावलीय. आणि हट्टी तर इतकी की चार हाका मारल्याशिवाय वळून बघत नाही! तुझ्यावर गेलीय, दुसरं काय. तू पण आईच्या हाका या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचीस.

कॅसेट भरलीय. तुझ्या आकड्यांच्या मधे मधे म्हणायला तिला जमलं नाही, तिने आपले सरळ म्हणून टाकले. लहान आहे.

केस कापलेत, उकाडा फार आहे.

एनेइदा

बोलिव्हिया
१५ ऑगस्ट २००६

ताई,

पत्र आणि कॅसेट दोन्ही काल मिळाली. झालं का तुझ्या मनासारखं? दो, त्रे, सेइ! पोरीचा 'स' गेला! पाच महिन्यांत तू तिला अस्सल बाराकोआची करून टाकलीस. मी इथे हसले. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गावाने शेवटी तिला जिंकलं."

आवाज जरा सपाट वाटला, एकाच सुरात. टेपच्या बॅटऱ्या उतरल्या असतील. नव्या घाल.

एक विचारायचं होतं. तापात तिची मान आखडली होती का? उजेडाकडे बघायला त्रास होत होता का? ओकली का? उगाच विचारते, नर्सची खोड. होय की नाही तेवढं लिही.

इकडची बातमी: डिसेंबरपासून वरच्या तीन गावांचं काम माझ्याकडे देणार आहेत. मी एकटी, घोड्यावरून. ताई, मला, घोड्यावर! आई असती तर छाती पिटली असती.

तुझी,
इदाल्मिस

बाराकोआ
३० सप्टेंबर २००६

इदाल्मी,

मान? मानेला काय धाड भरलीय? काही आखडली नव्हती. तू पुस्तकातले रोग शोधत बसू नकोस. पोटाचं होतं म्हटलं ना.

शाळा सुरू झाली. मास्तरीणबाईंनी पहिल्या बाकावर बसवलंय, म्हणतात लक्ष नाही. मी म्हटलं, आईची आठवण येते तिला, म्हणून गप्प असते. त्यांना पटलं.

तुझी कॅसेट रोज लावते. टेप गालाला लावून बसते, दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. संपली तरी तशीच बसते. इतकी माया आहे तुझ्यावर. मला बघवत नाही गं.

घोड्यावरून पडू नकोस. इकडची काळजी करू नकोस. सगळं नीट आहे.

एनेइदा

हवाना
११ जानेवारी २००७

इदाल्मिस,

हवानाहून लिहिते आहे हे वाचूनच तू घाबरली असशील. दियानेलिस माझ्याजवळ आहे, जिवंत आहे, आत्ता खिडकीशी बसून चित्र काढतेय. आधी हे सांगितलं. आता बाकीचं सांगते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

तिला ऐकू येत नाही. आपण हट्टीपणा म्हणत होतो, तो हट्टीपणा नाही. 'आपण' नाही, मी म्हणत होते.

मे महिन्याच्या शेवटी तिला ताप भरला. ओकत होती. मला वाटलं, पोटात अन्न चिकटलंय. दवाखान्याला कुलूप. मी तिला रेमिहिया म्हातारीकडे नेलं आणि पोट चोळून घेतलं. तीन दिवस, इदाल्मी. तीन दिवस तेल लावून, क्रूस काढून पोट चोळत होतो आम्ही, आणि पोरगी डोकं धरून रडत होती. नर्सच्या पोरीचं! तू या चोळण्याला आयुष्यभर हसलीस, 'अडाण्यांचा बाजार' म्हणालीस, म्हणून मी तुझ्या पाठीमागे मुद्दाम केलं असं नाही. आपल्या आईने आपल्याला तसंच बरं केलं होतं, म्हणून केलं. चौथ्या दिवशी तिला झटका आला. मान धनुष्यासारखी मागे गेली होती. तू विचारलंस ना मानेचं? होय. आखडली होती. मी खोटं लिहिलं.

ग्वांतानामोच्या इस्पितळात बावीस दिवस होतो. मेंदूज्वर. केस उकाड्याने नाही कापले, तिथे कापले. डॉक्टर म्हणाले, आईला कळवतो. मी म्हटलं, मी कळवते, माझी बहीण आहे. वाचली तेव्हा मी तिथल्या फरशीवर डोकं टेकलं. निघताना त्यांनी एक चिठ्ठी दिली: एक महिन्यात सांतियागोला नेऊन कान तपासून घ्या, या तापानंतर कान जातात, लवकर कळलं पाहिजे. मी ती चिठ्ठी कॉफीच्या डब्यात ठेवली, कॉफीच्या खाली.

का ठेवली? मी स्वतःला हजारदा विचारलंय. तेव्हा तिला थोडं ऐकू यायचं. उजव्या कानाशी ओरडलं की वळायची. मी रोज ओरडून बघायची आणि म्हणायची, आहे, आहे, येतंय. तपासायला नेलं असतं तर कागद झाला असता, कागद तुझ्यापर्यंत आला असता, आणि त्या तीन दिवसांचं तुला कळलं असतं. मला तुझी लाज वाटली गं. पोरीच्या कानापेक्षा माझं तोंड मला मोठं वाटलं.

मग ओरडूनही वळेना. तिने माझे ओठ वाचायला सुरुवात केली. तू म्हणशील बोलण्यातला फरक कुणाला कसा कळला नाही? तिचा 'स' गेला, तो ऐकू येत नव्हता म्हणून गेला. आणि आपल्याकडे 'स' कुणाला असतो? सगळ्या गल्लीला वाटलं, पोर आता आपल्यासारखी बोलायला लागली. शेजारणीने तर कौतुक केलं. मी हसून मान डोलावली.

नाताळाच्या आधी दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली. पोर टोचायला नेली होती. तिच्या मागे लोखंडी ताट खाली पडलं. मी दचकले, डॉक्टरीण दचकली, बाहेरचं कुत्रं भुंकलं. दियानेलिस भिंतीवरच्या चित्रातली अक्षरं बघत होती, तिची पापणी हलली नाही. डॉक्टरीण माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं.

तिनेच पुढच्या आठवड्यात इथे पाठवलं. इथल्या डॉक्टर आरोचा कानात तार बसवतात, तिने बहिऱ्या मुलांना ऐकू येतं. मला वाटलं, झालं, सुटलो. त्यांनी डोक्याचे फोटो काढले आणि मला बोलावून समजावलं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते, अडीच वळणांची, पाण्याने भरलेली. तार त्या वळणांतून आत सरकवायची असते. दियानेलिसच्या पेटीत ते रंगीत शंख आहेत ना, तसाच, पण वाटाण्याएवढा. त्या तापानंतर पोकळीत हाड भरायला लागतं. आधी दोरे, मग चुना, मग दगड. डावीकडे सगळं भरलंय. उजवीकडे तोंडाशी जरा वाट आहे, पुढे बंद. त्यांनी विचारलं, "ताप कधी आला होता?" मी म्हटलं, मेमध्ये. त्या बोटांवर मोजायला लागल्या आणि मधेच थांबल्या. म्हणाल्या, "जून-जुलैत आणली असती तर सरळ गेली असती तार."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझी सही लागेल, म्हणतात. आईची. मावशीची चालत नाही. हे पत्र मी पथकाच्या कचेरीत नेऊन देतेय, त्यांना म्हटलंय तातडीचं आहे.

एनेइदा

बोलिव्हिया
४ फेब्रुवारी २००७

एनेइदा,

मी निघते आहे. मी हवानाला पोचायच्या आत तू बाराकोआला परत जा. पोरीला डॉक्टरांच्या स्वाधीन करून जा, पण जा. तुझं तोंड मला बघायचं नाही. पत्र पाठवू नकोस.

इदाल्मिस

हवाना
६ मे २००७

ताई,

पत्र पाठवू नकोस म्हटलं, तू पाठवलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस. आता मला लिहायचंय.

एकोणीस मार्चला शस्त्रक्रिया झाली. उजव्या कानामागून. डॉक्टर आरोचांनी सहा तास हाड कोरलं, मोहरीएवढ्या टोकाच्या गिरमिटाने. शेजारूनच चेहरा हलवणारी नस जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होतं. मी बाहेर बाकावर होते. इतकी वर्षं मी अशा दारांच्या आतल्या बाजूला उभी राहिलेय, बाहेरचा बाक किती टणक असतो ते आत्ता कळलं. तारेवर बावीस ठिपके असतात, त्यातून आवाज नसेला पोचतो. आठ आत गेले. चौदा बाहेर राहिले, पुढे वाटच नव्हती. तोंड सरळ आहे. हसते.

महिन्याने यंत्र सुरू केलं. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि रडायला लागली. म्हणाली, डोक्यात शिट्ट्या वाजतात. अजून रोज वाजतात. दार वाजलं तर कळतं, कुणी बोलतंय हे कळतं. ओठ बघितले तर बरंच समजतं. ओठ झाकले की शब्द कळत नाही, एकही. आठ ठिपक्यांवर किती चालेल, कुणी सांगत नाही.

आता माझं ऐक, आणि पत्र संपेपर्यंत मला शिव्या देऊ नकोस.

ऑगस्टमध्ये तुझी दुसरी कॅसेट आली तेव्हा मी दोन्ही कॅसेट शेजारी ठेवून ऐकल्या. एकदा नाही, संध्याकाळभर. ताई, मी नर्स आहे. ताप, मग लटपटणं, हाका न ऐकणं, केस कापलेले, आवाज सपाट, 'स' गेलेला. माझ्या आकड्यांना थांबून उत्तर न देणं. ते नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला कळलं होतं. मी तुला मान आखडली का विचारलं ते उगाच नव्हतं. तू 'नाही' लिहिशील अशी मी वाट बघत होते. तुझं 'नाही' आलं आणि मी ते घडी करून ठेवून दिलं आणि घोड्यावर बसले.

मी डॉक्टरांना एक शब्द बोलले असते तर दोन दिवसांत ग्वांतानामोला निरोप गेला असता. बोलले नाही. कारण मग मला परत यावं लागलं असतं, अर्ध्यावर सोडून आलेली म्हणून, आणि पुन्हा 'एनेइदाची धाकटी' व्हायचं. मला ती तीन गावं हवी होती. मी कॅसेटवर हसले आणि तुझ्यावर ढकललं की तू 'स' बिघडवलास. तू चिठ्ठी कॉफीखाली ठेवलीस, मी कानाडोळा केला. तुला निदान औषधातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. आणि तुला मी पोरीजवळून हाकलून दिलं, वर तोंड करून.

हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. इथे सगळे मला म्हणतात, बिचारी आई, लांब होती, तिला काय कल्पना. मी मान डोलावते.

दुसरं. इथल्या बाई तिला बोलायला शिकवतात. त्यांनी विचारलं, बहिरी होण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत रोज कानावर पडणारा आवाज कुणाचा? त्या आवाजाची ओळख डोक्यात शिल्लक असते, तिथून सुरुवात केली तर सोपं जातं. मी तोंड उघडलं 'माझा' म्हणायला. दियानेलिसने बाईंचे ओठ बघून आधीच सांगितलं, "मावशीचा."

तर तुझ्या आवाजात एक ते दहा आकडे भरून कॅसेट पाठव. सावकाश म्हण. आणि 'स' म्हण, ताई. बाई म्हणतात, आत गेलेले ठिपके पहिल्या वळणाचे आहेत, तिथे बारीक, टोकदार आवाज बसतात. 'स' कदाचित सगळ्यांत आधी ओळखेल.

इदाल्मिस

बाराकोआ
२७ मे २००७

इदाल्मिस,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. शिव्या दिल्या नाहीत. एकदाच तोंडातून 'मेले!' निघालं, ते तुला की मला, ठाऊक नाही.

तू म्हणतेस तुला कळत होतं. मला काय सुचतंय बघ. जराशी सुटका झाल्यासारखं वाटलं, की मी एकटी नाही. आणि त्याचीच लाज वाटली. पोर तिकडे शिट्ट्या ऐकतेय आणि इथे आपण दोघी पाप वाटून घेतोय, पावाचा तुकडा वाटावा तसं. तुझ्याने माझं कमी होत नाही. मी तिच्या शेजारी होते. मी तिचे ओठ वाचणारे डोळे रोज बघत होते.

तू हाकललंस ते बरोबर केलंस. इथे गल्लीत सगळ्यांना कळलंय. कुणी तोंडावर काही बोलत नाही, कुकुरुचो घेताना नारळाचे भाव विचारतात. रेमिहिया म्हातारी एक दिवस दारात येऊन उभी राहिली. मी तिला खुर्ची दिली. दोघी बसलो. तिने आता पोट चोळणं सोडलंय. कुणी पोर आणलं की "आधी डॉक्टर," म्हणते.

'स'चा सराव केला. एकावन्न वर्षांची जीभ, इदाल्मी, ती काय वळते! कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणते, नारळ किसताना म्हणते, बाजारात म्हणते. नाक्यावरचा मासेवाला म्हणाला, "काय एनेइदा, स्पेनच्या राजाकडे जेवायला निघालीस?" दुसरा म्हणाला, "नाही रे, रेडिओवर बातम्या द्यायला बोलावलंय." मी म्हटलं, "होय, आणि पहिली बातमी तुझ्या तराजूची देणार आहे." हसले. घरी येऊन रडले. पन्नास वर्षं मी तो 'स' चोरला आणि कुणाचं काही अडलं नाही, आणि नेमकी माझ्या पोरीची खूण त्याच्या आड लपली.

आता तो जिथे नाही तिथेही लागतो. परवा चर्चमध्ये 'आमेनोस' म्हणाले. पाद्रीबाबांनी वळून बघितलं.

कॅसेट सोबत आहे. आठ वेळा भरली, शेवटची ठेवली आहे. दुसरं काही बोलले नाही त्यात, फक्त आकडे. माफ कर म्हणणार होते, पण तिला शब्द कळत नसताना म्हणायचं म्हणजे पुन्हा चोरीच. समोर येऊन, माझे ओठ दिसतील अशी म्हणेन, तू येऊ दिलंस तर. नाही दिलंस तर तुझंच बरोबर.

ती चिठ्ठीही पाठवतेय. कॉफीचा वास लागलाय. तिच्या कागदांत लावून ठेव. मोठी झाली की वाचेल, तिला हक्क आहे.

एनेइदा

हवाना
१९ जून २००७

ताई,

कॅसेट पोचली. बाईंनी टेप टेबलावर ठेवला, दियानेलिसला त्याच्यासमोर बसवलं. बघायला ओठ नाहीत, चेहरा नाही, नुसता डबा. हेही सांगितलं नाही की कुणाचा आवाज आहे आणि काय म्हणतोय. मी भिंतीला टेकून उभी होते.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा तिने कपाळाला आठ्या घातल्या. मग स्वतः बटण दाबून मागे नेलं आणि पुन्हा लावलं. आणखी एकदा. चार वेळा सुरुवातच ऐकली, पुढे जाऊच देईना. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी मला खुणेने गप्प राहा म्हटलं.

मग तिने टेप बंद केला आणि कागद मागितला.

ताई, तू ये. मोआवरून सुटणारी बस घे, नाहीतर सांतियागोहून आगगाडी, काहीही घे. ऑगस्टमधली माझी गोष्टही मी तिला सांगणार आहे, तुझ्यासमोर. मला एकटीला तोंड उघडवणार नाही. दोघी तिच्यासमोर बसू, ओठ दिसतील अशा.

खालच्या ओळी तिने लिहिल्या आहेत. मी हात लावलेला नाही.

इदाल्मिस

मावशी,
'उनो'ला 'स' नसतो. एवढंपण येत नाही?
दियानेलिस